शाळेतील मुलांचे मनःस्वास्थ्य : आपली सामूहिक जबाबदारी

जुन्या करारात एलिया संदेष्ट्याच्या जीवनातील एक हृदयस्पर्शी प्रसंग आहे (१ राजे, अध्याय १९). ईजबेल राणीच्या धमकीने भयभीत झालेला हा देवमाणूस एक दिवसाची वाट चालून रानात जातो, एका झुडुपाखाली बसतो आणि आता जगणे पुरे झाले, माझा प्राण घे, अशी देवाकडे याचना करतो. काही काळापूर्वीच कार्मेल पर्वतावर एवढ्या धैर्याने उभा राहिलेला हाच तो एलिया! परमेश्वर त्याच्यावर रागावत नाही. तुझी श्रद्धा कमी पडली, असेही म्हणत नाही. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेब पर्वतावर पोहोचल्यावर देव त्याला, तू इथे काय करतोस, असे विचारतो आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतो. पुढचे काम तो त्यानंतर सांगतो. तेही एकट्याने करायला लावत नाही. अलीशाच्या रूपाने त्याला सोबती देतो.

विसावा, अन्न, ऐकून घेणे, सोबत आणि मग कार्य, असा हा क्रम आहे. आपल्या घरांत व शाळांत मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. मूल खचलेले दिसले की आपण आधी उपदेश करतो, मग शिक्षा करतो आणि ऐकून घेण्याची वेळ आली तर अगदी शेवटी येते. कधी कधी तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणूनच शालेय मुलांच्या मानसिक व भावनिक आरोग्याचा विचार पालक, शिक्षक, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि संपूर्ण धर्मग्राम यांनी मिळून करणे अगत्याचे आहे.

प्रश्न किती गंभीर आहे?

बंगळुरू येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे ५० मुलांच्या वर्गात अशी तीन-चार मुले असू शकतात. निम्म्या मानसिक विकारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे वय आपली मुले सातवी-आठवीत असतानाचे, दृढीकरणाच्या संस्काराकडे वाटचाल करतानाचे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. दिवसाला सरासरी ३५ विद्यार्थी, म्हणजे जवळजवळ एक संपूर्ण वर्ग, असा या आकड्याचा अर्थ होतो. या प्रत्येक आकड्यामागे एक रिकामे दप्तर आहे आणि आपले काय चुकले, या प्रश्नाने आयुष्यभर पोळणारे एक कुटुंब आहे.

'लाडावलेले' मूल की दुखावलेले मूल?

आजही पुष्कळांना वाटते की ही सारी अतिलाडाची लक्षणे आहेत. आमच्या वेळी असले काही नव्हते, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. वास्तविक दुःख त्या वेळीही होते, परंतु मुलांच्या भोवती माणसेही होती. अंगणात चुलत भावंडे होती, ओट्यावर आजी होती आणि संध्याकाळी सारे घर एकत्र येऊन जपमाळ म्हणत असे. वसईतील वाड्यांच्या जागी आता इमारती उभ्या राहिल्या आहेत. आईवडील दोघेही पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री थकूनभागून परततात. कित्येकांचे वडील आखातात नोकरीला आहेत. शाळा, क्लास आणि मोबाइल या तीन भिंतींत मुलाचा दिवस संपतो. आईवडिलांचे कष्ट मुलांसाठीच असतात, यात शंका नाही. पण आपले ऐकून घेणारे कोणी आहे, ही जाणीव मुलाला त्या कष्टांतून आपोआप मिळत नाही.

मनाचा आजार हा शरीराच्या आजारासारखाच खरा असतो. तो पापाची शिक्षा नाही, श्रद्धेच्या अभावाची खूण नाही आणि आईवडिलांच्या संस्कारांवरचा डागही नाही. ताप आला तर आपण प्रार्थना करतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या बाबतीतही हेच करावयाचे आहे.

लक्षणे कशी ओळखावीत?

मोठी माणसे 'मला उदास वाटते' असे म्हणू शकतात. मुलांपाशी तेवढे शब्द नसतात. त्यांचे मन शरीरातून व वागण्यातून बोलते. सोमवारी सकाळी नेमके पोट दुखणे, शाळेची वेळ टळली की ते थांबणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागणे, झोप न लागणे किंवा सतत झोपून राहणे, चिडचिड, गुण एकाएकी घसरणे, आवडता खेळ सोडून देणे, मित्रमैत्रिणींना टाळणे, ही लक्षणे एखाददुसऱ्या दिवशी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. ती दोन आठवडे टिकली आणि मुलाच्या नित्याच्या जीवनात अडथळा आणू लागली, तर मात्र तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

काही लक्षणे दिसताच एक दिवसही थांबू नये. आपण ओझे झालो आहोत किंवा मेलेले बरे, असे मूल बोलत असेल, हातावर कापल्याच्या खुणा असतील, आवडत्या वस्तू ते वाटून टाकत असेल किंवा निरोपाची भाषा करीत असेल, तर त्याला एकटे सोडू नये. जीव द्यावासा वाटतो का, असे त्याला शांतपणे आणि स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले याचाच मुलाला मोठा आधार वाटतो.

वाचन-लेखनात सतत मागे पडणाऱ्या मुलांचा विचार येथे वेगळा करावयास हवा. त्यांपैकी काहींना डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असते. बुद्धी असूनही अक्षरे त्यांना दाद देत नाहीत. अशा मुलाला वर्षानुवर्षे 'ढ' आणि 'आळशी' ही विशेषणे मिळाली तर त्याचे मन कोमेजते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून प्रमाणपत्र घेतल्यास शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. हे निदान दहावीच्या तोंडावर करण्यापेक्षा प्राथमिक शाळेतच होणे मुलाच्या हिताचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश

आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीचा २०२३ साली मृत्यू झाला. त्या प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सर्व शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक निर्देश दिले. योग्य तो कायदा होईपर्यंत ते बंधनकारक राहतील, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. ते सरकारी व खाजगी शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि कोचिंग क्लास या सर्वांना लागू आहेत. त्यांतील काही बाबी प्रत्येक पालकाला ठाऊक असाव्यात.

१०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे. गुणांच्या आधारे मुलांच्या तुकड्या पाडू नयेत आणि त्यांचा चारचौघांत पाणउतारा करू नये. मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नसल्याचा निर्णय दिला. आपल्या शाळा या वर्गात मोडतात. त्या निर्णयाने संस्था चालविण्याचे आपले स्वातंत्र्य जपले गेले, हे खरे. परंतु त्यामुळे आपल्या शाळेतील मुलाला इतरांहून कमी संरक्षण मिळावे, असा अर्थ कोणीही काढू नये. लहान मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर प्रभू येशू रागावला आणि त्याने मुलांना कवेत घेतले, हे शुभवर्तमान ज्यांच्या हाती आहे, त्यांना छडी खाली ठेवण्यासाठी कायद्याच्या कलमाची वाट पाहावी लागू नये.

संत जॉन बॉस्को यांचा मार्ग

शिक्षणाचा हा दृष्टिकोन ख्रिस्तसभेला नवा नाही. संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) अवघे दोन वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचे निधन झाले. पुढे धर्मगुरू होऊन त्यांनी इटलीतील ट्युरिन शहरात कामासाठी आलेल्या निराधार मुलांना जवळ केले. विवेक, धर्म आणि प्रेमळपणा या तीन खांबांवर त्यांनी आपली 'प्रतिबंधक शिक्षणपद्धती' उभारली. मुलाने चूक केल्यावर शासन करण्यापेक्षा चूक होण्याआधीच त्याच्या सोबत असावे, हे तिचे मर्म. मे १८८४ मध्ये रोमहून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. तिचा आशय असा : आपण मुलांवर प्रेम करतो एवढ्याने भागत नाही; आपल्यावर प्रेम केले जाते, हे मुलांना जाणवले पाहिजे. मैदानावर मुलांत मिसळणारा शिक्षकच वर्गात त्यांचा विश्वास मिळवू शकतो, हा त्यांचा अनुभव होता.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली शिक्षणविषयक जागतिक कराराचे आवाहन केले. व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवणे आणि मुलांचा व तरुणांचा आवाज ऐकणे या त्यातील पहिल्या दोन बाबी होत. मस्तक, हृदय आणि हात यांचे शिक्षण एकत्र व्हावे, असे ते वारंवार सांगत. पोप लिओ चौदावे यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये, शिक्षणावरील व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्राला ६० वर्षे पूर्ण झाली त्या वेळी प्रसिद्ध केलेल्या प्रेषितीय पत्रात, तरुणांच्या आंतरिक जीवनाची जोपासना हा अग्रक्रमाचा विषय म्हणून मांडला.

शाळेत काय करता येईल?

समुपदेशक नेमला म्हणजे जबाबदारी संपली, असे होऊ नये. 'चुकलेल्या मुलांना पाठवण्याची खोली' अशी समुपदेशन कक्षाची ख्याती झाली, तर तिकडे कोणीही फिरकणार नाही. वर्षारंभी समुपदेशकांनी प्रत्येक वर्गात जाऊन सर्व मुलांशी बोलावे. कक्ष मुख्याध्यापकांच्या दारासमोर नसावा. मुलाने सांगितलेली गोष्ट गुप्त राहील, याची हमी असावी. मात्र मुलाच्या जीवाला धोका असेल, तर ती योग्य व्यक्तींना सांगावीच लागते, हेही त्याला आधीच समजावून द्यावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे शाळेची अब्रू हा विचार गौण आहे.

वर्गशिक्षकांपाशी मुलाला ओळखण्याची संधी सर्वांत जास्त असते. हजेरी घेताना आवाज कोणाचा खोल गेला, डबा कोण एकटे खाते, शाळा सुटल्यावर घरी जाण्याची टाळाटाळ कोण करते, हे बाईंच्या व सरांच्या नजरेतून सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या मानसिक प्रथमोपचाराची सूत्रे सोपी आहेत : पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे. शिक्षकाने उपचारक होण्याची आवश्यकता नाही. वर्गाबाहेर घेऊन, "बाळा, काही त्रास आहे का? मी ऐकतेय," असे म्हटले तरी पुष्कळ साधते.

काही प्रथा बदलण्यास पैसा लागत नाही. गुण मोठ्याने वाचून दाखवू नयेत. फी थकलेल्या मुलाला वर्गासमोर उभे करू नये. खेळाचा तास गणितासाठी घेऊ नये. रंग, जात, बोली किंवा वडिलांचे व्यसन यांवरून होणारी चिडवाचिडवी 'पोरखेळ' म्हणून सोडून देऊ नये. आपल्या शाळांत सर्व धर्मांची मुले शिकतात. त्या प्रत्येकाला ही शाळा आपली वाटली पाहिजे.

येथे शिक्षकांचाही विचार व्हावा. मोठमोठे वर्ग, निवडणुकीची व गणनेची कामे, नित्य भरावयाची माहिती यांनी शिक्षक स्वतःच थकलेले असतात. ज्यांचे कोणी ऐकत नाही, त्यांनी दिवसभर दुसऱ्यांचे ऐकावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शाळांच्या व्यवस्थापनांनी याची दखल घ्यावी.

पालकांसाठी

घरी आल्यावर 'अभ्यास झाला का' हा पहिला प्रश्न नसावा. 'आज दिवस कसा गेला' असे विचारून उत्तर येईपर्यंत थांबावे. मूल बोलू लागले की मध्येच उपाय सुचवू नये. मामेभावाचे गुण, शेजारच्या मुलीचा प्रवेश यांची तुलना टाळावी. किशोरवयातील मुलांना रात्री ८ ते १० तासांची झोप लागते. मोबाइल उशाशी ठेवून ती मिळत नाही. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र, मोबाइल दूर ठेवून घ्यावे आणि त्यानंतर थोडा वेळ प्रार्थना करावी. त्या प्रार्थनेत मुलालाही दिवसातील आनंदाची व दुःखाची गोष्ट सांगू द्यावी.

निकालाच्या दिवशी घरी कोणीतरी मोठे माणूस असावे. दहावीत अपयश आल्यास त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते. हे निकालानंतर सांगण्यापेक्षा आधीच सांगितलेले बरे.

तज्ज्ञांविषयीही गैरसमज नसावा. समुपदेशक ऐकून घेतात आणि मार्ग शोधायला मदत करतात. मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असून आवश्यक तेव्हा औषधे देतात. त्यांच्याकडे जाणारे मूल 'वेडे' नसते. भारत सरकारची 'टेली मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस उपलब्ध असते व मराठीतही बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक मुलांच्या वहीवर लिहून ठेवावेत.

धर्मग्रामाची भूमिका

धर्मशिक्षणाच्या वर्गात, वेदीसेवकांत, युवक मंडळात मुले दर आठवड्याला आपल्याला भेटतात. एखादे मूल सलग दोन-तीन रविवार दिसले नाही, तर हजेरीपटावर फुली मारून न थांबता त्याच्या घरी जावे. घरात मृत्यू झाला असेल, आईवडील विभक्त झाले असतील, वडिलांचे मद्यपान वाढले असेल, तर त्या घरातील मुलाची विचारपूस व्हावी. सांत्वनाला आलेली माणसे मोठ्यांशीच बोलून परततात, हा नित्याचा अनुभव आहे. धर्मगुरूंनी पापनिवेदनाच्या वेळी खचलेल्या मुलाला देवाच्या दयेचा दिलासा द्यावा आणि समुपदेशकाकडे जाण्यासही प्रोत्साहन द्यावे. कृपा आणि उपचार यांत विरोध नाही.

ज्या कुटुंबाने आत्महत्येमुळे मूल गमावले आहे, त्याच्याविषयी आपली वागणूक ख्रिस्ती असावी. गंभीर मानसिक विकार, तीव्र भय व यातना यांमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होते, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २२८२-२२८३) शिकवतो. अशा व्यक्तींच्या तारणाची आशा सोडू नये, असेही तो सांगतो आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. १९८३ च्या धर्मसंहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांमध्ये आत्महत्येचा उल्लेख उरलेला नाही. तेव्हा कुजबुज थांबवावी आणि त्या घरी जावे. त्या मुलाच्या वर्गमित्रांनाही आधाराची गरज असते, हे शाळेने ध्यानात ठेवावे.

बंधुभगिनींनो, जून महिन्यात शाळा सुरू होते तेव्हा आपण मुलांची दप्तरे, गणवेश, छत्र्या यांची तयारी करतो. त्या तयारीत आणखी एका गोष्टीची भर घालू या. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत प्रत्येक पालकाने नम्रपणे विचारावे : आपल्या शाळेत समुपदेशक आहेत का? शिक्षकांचे प्रशिक्षण कधी आहे? मदतीचे क्रमांक कोठे लावले आहेत? उत्तर 'नाही' असे आले, तर दोष देत न बसता धर्मग्राम परिषदेने, माजी विद्यार्थ्यांनी आणि आपल्यातील परिचारिका, डॉक्टर, समाजसेवक यांनी शाळेच्या मदतीला उभे राहावे.

एलियाला झुडुपाखाली एकटे सोडले असते, तर होरेब पर्वतापर्यंत तो पोहोचलाच नसता. आपल्या वर्गात, घरात, शेजारी कोणीतरी लहानगा एलिया आज असाच मान खाली घालून बसलेला असेल. त्याला उठवणारा हळुवार स्पर्श आपल्या हातून घडावा, हीच प्रभुचरणी प्रार्थना.